दोन प्रश्न वेगळे विचार

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे तक्ते मी दोन रात्री वाचत होते. तुझी अडचण तू थोडक्यात आणि नेमकी मांडली आहेस. तुझ्या नमुन्यातल्या मुलींचे गुण मुलांपेक्षा वर आहेत, पण ‘तू कुठपर्यंत शिकणार आहेस?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे मुलांच्या उत्तरांपेक्षा खाली आहेत. मुलांकडे मात्र गुण कमी आणि आकांक्षा उंच. आकांक्षा उंच तर संपादणूक, म्हणजे अभ्यासातले यश, उंच, हे तुझे गृहीतक त्यामुळे कोसळले, आणि आता मार्गदर्शकांच्या सूचनेप्रमाणे लिंगभावाचा रकाना गाळून सगळ्यांचे एकत्र विश्लेषण करावे की विषयच बदलावा, या विचारात तू आहेस. शेवटी, निरोप घेता घेता, तू आणखी एक वाक्य लिहिले आहेस: हा लघुप्रबंध झाला की थांबायचे, पीएच.डी. आपल्याला झेपणार नाही.

तुझ्या तक्त्यांना आणि या वाक्याला मी एकाच पत्रात उत्तर देणार आहे, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे.

आधी तुझा तो प्रश्न पुन्हा मोठ्याने वाच. ‘कुठपर्यंत शिकणार आहेस?’ मराठीतले ‘णार’ हे रूप इच्छाही पोटात घेते आणि भाकीतही. ‘मी जाणार’ असे एखादी निर्धाराने म्हणते आणि दुसरी केवळ कळवण्यासाठी म्हणते. शब्द तेच राहतात. तुझा प्रश्न वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीने काय समजावे? तिला काय हवे आहे ते तू विचारते आहेस, की तिच्या बाबतीत काय घडेल ते? मुलाने तो प्रश्न इच्छेचा मानून उत्तर दिले असेल आणि मुलीने भाकिताचा मानून, तर तुझ्या तक्त्यात एकाच रकान्यात दोन वेगळ्या वस्तू मोजल्या गेल्या आहेत, आणि त्यांची तुलना करून तू आता हताश झाली आहेस. तुझे गृहीतक कोसळले की नाही हे तुला अजून कळलेलेच नाही. कुठपर्यंत शिकायला आवडेल आणि कुठपर्यंत शिकता येईल असे वाटते, हे दोन प्रश्न वेगळे विचार. या पत्रातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घे.

ही माझी लहर नाही. आर्चिबाल्ड हॅलर आणि अर्विन मिलर यांनी १९६३ मध्ये व्यावसायिक आकांक्षा मोजण्याची जी श्रेणी प्रसिद्ध केली, तिच्यात आठच प्रश्न होते, आणि ते मुद्दाम दोन जातींचे होते. काहींमध्ये विचारले होते की यांपैकी कोणते काम मिळेल याची तुला खरोखर खात्री वाटते. काहींमध्ये विचारले होते की निवडीचे पूर्ण स्वातंत्र्य असते तर यांपैकी कोणते घेतले असतेस. शिवाय शिक्षण संपल्यावर लगेच काय आणि तिशीत काय, असे काळाचेही दोन टप्पे केले होते. साठ वर्षे झाली त्याला. तरीही दरवर्षी माझ्यासमोर येणाऱ्या प्रश्नावल्यांत एकच प्रश्न असतो, त्याच्या उत्तराला ‘आकांक्षा’ असे नाव दिलेले असते, आणि निष्कर्षात लिहिलेले असते की मुलींच्या आकांक्षा कमी आढळल्या. हे वाक्य वाचले की माझा संयम सुटतो. का सुटतो ते सांगते.

मी तुझ्याहून थोडी मोठी असताना काही शाळांमध्ये असेच एक सर्वेक्षण केले होते. प्रश्न एकच होता, जवळजवळ तुझ्याच शब्दांत. मुलींची उत्तरे खाली आली. मी सहसंबंध काढले, सार्थकता तपासली, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना ते पाहिले, आणि अहवालात लिहिले की मुलींमध्ये शैक्षणिक आकांक्षेचा अभाव दिसतो. एका संस्थेत त्या वेळी गणिताच्या जादा वर्गांसाठी विद्यार्थी निवडण्याचा विषय चालला होता. माझा अहवाल तिथे वाचला गेला आणि त्याचा अर्थ असा लावला गेला की मुलींनाच पुढे जायचे नाही, तर त्यांच्यावर जागा कशाला खर्च करा. माझे आकडे बरोबर होते. बेरीज कुठेही चुकली नव्हती. पण त्या गठ्ठ्यात एका मुलीची प्रत होती, तिने त्या प्रश्नाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, ‘आवडेल ते लिहू की होईल ते लिहू?’ आणि मग ‘होईल ते’ लिहिले होते. संकेतांकन करताना, म्हणजे उत्तरांना आकडे देताना, मी ती ओळ वाचली होती. तिच्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता, म्हणून मी ती सोडून दिली.

त्या काळी प्रश्नावल्या छापून आणाव्या लागत, एकदा छापल्या की बदलता येत नसत, आणि माझ्यावर मुदतीचे दडपण होते, हे सगळे खरे आहे. मी ते इतरांना अनेकदा सांगितले आहे आणि आज तुलाही सांगते आहे, कारण मी निष्काळजी नव्हते असे मला अजूनही वाटते. पण त्या मुलीला जे कळले होते ते मला कळले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. तुझ्या प्रश्नावल्या अजून तुझ्याकडे आहेत. त्यांच्या समासांत कुणी काही लिहिले आहे का, ते पुन्हा एकदा पाहा.

आता तुझ्या मार्गदर्शकांच्या सूचनेविषयी. लिंगभावाचा रकाना गाळला की तुझा सहसंबंध नीटनेटका दिसेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. तसे होणारही नाही, कारण प्रत्येक गटाच्या आतले एका दिशेचे नाते आणि दोन गटांमधले उलट दिशेचे नाते एकत्र केले की ती एकमेकांना खोडतात आणि हाती फिकट सरासरी उरते. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण ऐकूही नकोस. या विषयाच्या इतिहासात ही चूक एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेली आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या १०,३१७ विद्यार्थ्यांचा मागोवा घेण्याचे काम विल्यम स्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. घरची परिस्थिती थेट पुढच्या यशात उतरत नाही, ती आईवडील, शिक्षक आणि मित्र यांच्या अपेक्षांमधून विद्यार्थ्याच्या आकांक्षेत उतरते आणि तिथून पुढे जाते, ही आज आपण सहज वापरतो ती मांडणी या कामातून आली. नमुन्यात मुलीही होत्या. पण स्यूएल, हॅलर आणि आलेहांद्रो पोर्तेस यांनी १९६९ मध्ये जे प्रतिमान प्रथम मांडले ते ९२९ तरुणांवर, शेतकरी वडिलांच्या मुलग्यांवर आधारलेले होते. बायकांची शिकण्याची आणि व्यवसायाची वाट पुरुषांच्या शेजारी ठेवून स्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली, तो लेख १९८० चा. मुलींनी भरलेल्या प्रश्नावल्या सुरुवातीपासून हाताशी होत्या, हे लक्षात घे. तू हाताशी असलेला रकाना स्वतःच्या हाताने पुसायला निघाली आहेस.

त्या मांडणीची मर्यादाही समजून घे, कारण तुझ्या प्रकरण दोनमध्ये तू ती सरधोपट वापरली आहेस. आकांक्षेमुळे गुण वाढतात, हे तू एका वेळच्या सर्वेक्षणातून सिद्ध करू शकत नाहीस. गुण चांगले पडले म्हणून आकांक्षा वाढली असेल. आकांक्षा होती म्हणून अभ्यास झाला असेल. दोन्ही एकमेकांना वर ढकलत असतील. त्या लोकांनी तीच माणसे वर्षांनंतर पुन्हा गाठली, म्हणून त्यांना काळाचा क्रम ठाऊक होता. तुला तो ठाऊक नाही, तेव्हा ‘परिणाम’ हा शब्द काढून ‘संबंध’ लिही.

आणि ‘संपादणूक’ म्हणजे तरी काय? इथेही दोन प्रश्न वेगळे विचार. डॅनियल आणि सुझन व्हॉयर यांनी २०१४ मध्ये १९१४ पासूनच्या संशोधनांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात शिक्षकांनी दिलेल्या शालेय गुणांत मुली पुढे आढळल्या, भाषेत सर्वांत अधिक, गणितात सर्वांत कमी, पण गणितातही पुढेच. प्रमाणित चाचण्या घेतल्या की चित्र बदलते. पिसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये विकसित देशांच्या सरासरीत मुली वाचनात २४ गुणांनी पुढे होत्या आणि मुलगे गणितात ९ गुणांनी. जॅनेट हाइड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या सत्तर लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या राज्यपातळीवरील गणित चाचण्या तपासल्या, तेव्हा मुलगे आणि मुली यांच्यात नाव घेण्यासारखा फरक मिळाला नाही. शालेय गुणांत वर्षभराची नियमितता, गृहपाठ, वर्गातले वागणे हे सारे मिसळलेले असते, चाचणीत त्या एका दिवसाची कामगिरी असते. तू वार्षिक परीक्षेचे एकूण गुण घेतले आहेस. भाषा आणि गणित वेगळे कर. एकूण गुणांच्या आड नेमके तेच लपते जे तुला शोधायचे आहे.

ते का, हे थोडे सविस्तर सांगते, कारण इथेच अनेक जण घाईने निष्कर्ष काढतात. थोमा ब्रेदा आणि क्लोतिल्द नाप यांनी २०१९ मध्ये ६४ देशांतल्या तीन लाख विद्यार्थ्यांची माहिती तपासली. गणित जास्त लागणाऱ्या शाखांकडे जाण्याच्या इराद्यात मुलगे आणि मुली यांच्यात जी तफावत आहे, तिचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग एका साध्या गोष्टीने समजावता येतो असे त्यांना आढळले: गणितात सारख्याच असलेल्या मुलाची आणि मुलीची तुलना केली तर मुलगी वाचनात त्याच्याहून पुष्कळ पुढे असते. ती स्वतःच्या दोन गुणांची एकमेकांशी तुलना करते आणि जे अधिक आहे तिकडे वळते. गणितात ती कच्ची नसते. भाषेत ती अधिक पक्की असते, एवढेच. हा निष्कर्ष वाचून काही जण म्हणतात, ‘बघा, मुलींची ही स्वतंत्र निवड आहे.’ इतक्या लवकर समाधान मानू नकोस. आपले दोन गुण शेजारी ठेवून जास्त असेल तिकडे जावे, हा नियम त्या मुलीला कोणी शिकवला? तिचे गणिताचे गुण वर्गात पहिले असतानाही ‘तुझी भाषा किती छान आहे’ हे वाक्य तिने किती वेळा ऐकले? तिला काय आवडेल आणि तिला काय शोभेल असे वाटते, हे तू वेगळे विचारले नाहीस तर कोणीच विचारणार नाही.

शेली कोरेल यांचा २००४ चा प्रयोग मी प्रत्येक विद्यार्थिनीला वाचायला लावते. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काळ्यापांढऱ्या आकृत्या दाखवून कोणता रंग अधिक आहे ते ठरवायला सांगितले, आणि या कौशल्याला एक भारदस्त नाव दिले. असे कौशल्य मुळात अस्तित्वात नव्हते. प्रश्नांना बरोबर उत्तरही नव्हते, आणि सगळ्यांना सारखेच गुण सांगितले गेले. एका गटाला सांगितले की यात पुरुष सरस ठरतात. दुसऱ्याला सांगितले की यात स्त्री-पुरुष फरक आढळत नाही. पहिल्या गटात पुरुषांनी तेवढ्याच गुणांवर स्वतःची क्षमता अधिक मानली, बायकांनी ‘आपण यात चांगल्या आहोत’ असे म्हणण्यासाठी स्वतःला अधिक कडक निकष लावला, आणि त्या कौशल्यावर उभ्या असलेल्या शिक्षणाची व कामाची आकांक्षा पुरुषांमध्ये जास्त दिसली. दुसऱ्या गटात हे फरक नाहीसे झाले. कामगिरी सारखीच असताना आकांक्षा वेगळी होते, कारण मधे स्वतःविषयीचा अंदाज उभा असतो. तुझ्या तक्त्यात गुण आणि आकांक्षा यांच्यामध्ये हाच अंदाज गहाळ आहे. ‘या विषयात मी किती चांगली आहे’ असा एक प्रश्न घालायला काय हरकत होती? घाल.

अवघड भाग पुढेच आहे, आणि तो माझ्याच तत्त्वाला अवघड आहे, म्हणून लपवत नाही. ‘काय आवडेल’ हा प्रश्न तरी निर्मळ आहे का? लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडले की मूल सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान आपल्या लिंगाला अयोग्य वाटणारी कामे मनातल्या यादीतून वगळू लागते, त्यानंतर प्रतिष्ठेच्या दृष्टीने खालची किंवा आवाक्याबाहेरची वगळते, आणि खऱ्या आवडीचा विचार त्यानंतर, चौदाच्या पुढे सुरू होतो, उरलेल्या यादीत. लिन ब्यान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रे सिंपियन यांचे २०१७ चे काम त्याहून बोचरे आहे. पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ व्यक्ती म्हणून आपल्यासारख्या बाईकडे बोट दाखवतात, मुलगे पुरुषाकडे दाखवतात, दोन्ही सारख्याच प्रमाणात. सहाव्या वर्षापासून मुलींचे बोट डगमगू लागते, आणि ‘खूप हुशार मुलांसाठी’ असे सांगितलेल्या खेळात त्यांचा रस कमी होतो. त्याच मुलींना विचारले की शाळेत चांगले गुण कोणाला पडतात, तर त्या मुलींकडेच बोट दाखवतात. म्हणजे चांगले गुण आपल्याला पडतात हे त्यांना माहीत आहे. त्या गुणांवरून आपण हुशार ठरतो, हे मात्र त्यांना पटत नाही. तुझ्या तक्त्यातले कोडे, गुण वर आणि आकांक्षा खाली, सहा वर्षांच्या वयातच तयार होते.

म्हणून कोणी म्हणेल की ‘आवडेल’चे उत्तरही आधीच छाटलेले असते, मग विचारून उपयोग काय? आणि दुसरे कोणी म्हणेल की ‘आवडेल’ म्हटले की सगळेच सर्वोच्च पदवी लिहितात, त्यात माहिती काय राहते? या दोन्ही हरकती मी चर्चासत्रांत ऐकल्या आहेत आणि दोन्हींना माझे उत्तर एकच आहे: तरीही विचार. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवल्यावर कोणत्या मुलीने दोन्हीकडे एकच लिहिले आणि कोणत्या मुलीने वेगळे लिहिले, एवढे तरी दिसते. जिने वेगळे लिहिले तिला अडचण माहीत आहे आणि इच्छाही माहीत आहे. जिने दोन्हीकडे खालचेच लिहिले तिच्याविषयी मला अधिक काळजी वाटते. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ मध्ये आकांक्षा बाळगण्याची क्षमता ही स्वतःच विषमपणे वाटली गेलेली असते असे मांडले. ज्यांना वाटा धुंडाळण्याची संधी वरचेवर मिळते त्यांची ही क्षमता सरावाने वाढते, ज्यांना मिळत नाही त्यांची तोकडी राहते. तुझ्या दुसऱ्या रकान्याशिवाय ही तोकडी राहिलेली इच्छा आणि अडवलेली इच्छा यांत फरक करता येणार नाही. मात्र नुसती वजाबाकी करून थांबू नकोस. दोन मोजमापांची वजाबाकी केली की दोन्हींच्या चुका तिच्यात एकत्र येतात. दोन्ही मोजमापे विश्लेषणात स्वतंत्र ठेव.

मुलग्यांना विसरू नकोस. तुझ्या चर्चेच्या प्रकरणात ते फक्त तुलनेपुरते येतात. कमी गुण आणि उंच आकांक्षा यांचे स्पष्टीकरण तू ‘अतिआत्मविश्वास’ असे एका शब्दात दिले आहेस, आणि ते मला पटले नाही. ज्या मुलाला कमी सांगण्याची मुभाच नाही तो मोठे सांगतो. त्यालाही आवडेल ते आणि अपेक्षित आहे ते यांत निवड करावी लागते. फक्त त्याचे अपेक्षित उत्तर वरच्या बाजूला असते आणि मुलीचे खालच्या बाजूला. शिक्षक व्हायला आवडणारा, शुश्रूषेकडे ओढा असलेला मुलगा तुझ्या एका प्रश्नात कुठेच सापडणार नाही. शिवाय अनेक देशांत आज पदवीपर्यंत शिकण्याची अपेक्षा मुलींमध्येच जास्त आढळते, हे तुला ठाऊक असेलच. तिथे फरक ‘किती’ शिकायचे यात उरलेला नाही, ‘कशात’ यात उरला आहे. पिसाच्या २०१८ च्या फेरीत गणित किंवा विज्ञानात उत्तम कामगिरी करणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे चौघांत एकाला तिशीत अभियंता किंवा वैज्ञानिक असू असे वाटत होते, आणि तितक्याच हुशार मुलींपैकी सुमारे सातांत एकीला. त्याच फेरीत अपयशाची भीती जवळजवळ सर्वत्र मुलींनी अधिक नोंदवली, आणि ही तफावत सर्वांत हुशार विद्यार्थ्यांमध्ये अधिक रुंद होती.

भीतीवरून आठवले. क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरनसन यांच्या १९९५ च्या प्रयोगाचा, म्हणजे रूढ समजाच्या दडपणाने कामगिरी घसरते या कल्पनेचा, तू दोन पाने आधार घेतला आहेस. तो थोडा जपून घे. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवर हाच परिणाम मुलींच्या गणिताबाबत तपासला गेला आणि आढळला नाही. सुंदर स्पष्टीकरणाचा मोह मलाही होता. तो सोड, दोन पानांचा अर्धा परिच्छेद कर.

त्या जागी दुसरे काही हवे असेल तर पश्चिम बंगालमधल्या ४९५ गावांचे काम घे. लोरी बीमन, एस्थर दुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांनी २०१२ मध्ये ते प्रसिद्ध केले. प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचे सरपंचपद, स्त्रियांसाठी राखीव ठेवण्याच्या नियमामुळे काही गावांत लागोपाठ दोनदा स्त्री प्रधान झाली, काही गावांत कधीच नाही, आणि कोणते गाव राखीव हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरत असल्यामुळे तुलना निर्दोष होती. दोनदा राखीव असलेल्या गावांत मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या आकांक्षांमधली तफावत आईवडिलांमध्ये २५ टक्क्यांनी आणि किशोरवयीन मुलांमध्ये ३२ टक्क्यांनी घटली. शिक्षणातली तफावत तर पुसली गेली. मुलींसाठी रोजगाराच्या संधी त्या काळात वाढलेल्या नव्हत्या. त्यांना समोर एक बाई त्या जागी बसलेली दिसत होती. माझ्या दृष्टीने यात महत्त्वाचे हे की संशोधकांनी आईवडिलांनाही विचारले आणि मुलींनाही विचारले, वेगवेगळे. दोन प्रश्न वेगळे विचार, दोन माणसांनाही वेगळे विचार.

आता ते ‘झेपणार नाही’.

हे वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे? पीएच.डी. करायला आवडेल का, असे मी तुला कधी विचारले नव्हते. तू स्वतःला विचारलेस का? तुझ्या पत्रात त्याचा मागमूस नाही. तू थेट दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलेस आणि पहिला उच्चारलाच नाहीस. तुझे गुण मला ठाऊक आहेत, तुझ्या वर्गातल्या ज्या दोन मुलग्यांनी अर्ज भरायचे ठरवले आहे त्यांचेही ठाऊक आहेत. तू ज्या विषयावर पन्नास पाने लिहिली आहेस त्याच विषयातली तू एक नोंद आहेस, आणि हे तुझ्या लक्षात आले नाही याचे मला आश्चर्य वाटले नाही, वाईट वाटले.

तुझ्या वयाची असताना एका मुलाखतीत मला विचारले होते, पुढे संशोधन करायचे आहे का. समोरच्या गृहस्थांचे वाक्य पुरे व्हायच्या आत मी ‘नाही’ म्हणाले. घरात एक दीर्घ आजारपण होते, धाकट्यांची शिक्षणे व्हायची होती, पगाराची गरज होती. तो निर्णय चुकला असे मी आजही म्हणणार नाही. त्या परिस्थितीत मी पुन्हा तेच केले असते, आणि जी माणसे मागे वळून मला ‘तू तेव्हा धाडस करायला हवे होतेस’ असे सांगतात त्यांनी माझे घर पाहिलेले नाही. पण मी ‘शक्य नाही’ असे म्हटले नाही, ‘नको’ असे म्हटले. पुढची कित्येक वर्षे मी लोकांना सांगत राहिले की मला शिकवण्यातच रस आहे, संशोधनाची मला हौस नाही, आणि सांगता सांगता माझाही त्यावर विश्वास बसला. घरची अडचण संपली, तेव्हा वाट मोकळी झाली हे मला कळलेसुद्धा नाही, कारण त्या वाटेने जायचे होते हे मी विसरले होते. एका सहकारी बाईंनी एकदा सहज विचारले, ‘वेळ आणि पैसा असता तर काय केलं असतंत?’ मला उत्तर देता आले नाही, आणि त्या रात्री मला ती पेन्सिलीची ओळ आठवली. प्रबंध मी लिहिला, पण फार उशिरा, डोळे थकल्यावर, ज्यांना दाखवायचा होता त्यांतले बरेच जण गेल्यावर.

म्हणून तुझ्यावर रागावते आहे. तुला पीएच.डी. करच असे मी सांगत नाही. तुझ्या घरची स्थिती तुला माझ्याहून चांगली ठाऊक आहे, आणि थांबणे हा कधी कधी शहाणपणाचा निर्णय असतो. थांबायचे असेल तर थांब, पण ‘आवडेल, तूर्त शक्य नाही’ असे लिहून थांब. ‘झेपणार नाही’ असे लिहून थांबू नकोस, कारण पहिल्या वाक्यातली अडचण बाहेर असते आणि ती एक दिवस हलते. दुसऱ्या वाक्यात तू ती स्वतःच्या अंगावर घेतेस, आणि मग ती तुझ्याबरोबर फिरते.

कामाचे बोलायचे तर मुदत वाढवून घे. कारण विचारले तर मोजमापात दोष आढळला असे स्वच्छ सांग, त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याच वर्गांत पुन्हा जा. ‘कुठपर्यंत शिकणार आहेस?’ हा सातवा प्रश्न काढून त्या जागी दोन प्रश्न घाल, आणि दोन्हींमध्ये निदान पानभर अंतर ठेव, म्हणजे एकाचे उत्तर पाहून दुसरे लिहिले जाणार नाही. अर्ध्या प्रतींत आधी ‘आवडेल’, अर्ध्यांत आधी ‘शक्य वाटते’ असा क्रम ठेव. दोन्ही उत्तरे वेगळी असतील तर का, यासाठी तीन ओळी मोकळ्या सोड आणि तिथे जे येईल त्यासाठी रकाने आधी ठरवू नकोस. समास रुंद ठेव.

सुधारलेली प्रश्नावली छापण्याआधी मला पाठव. तिची पहिली प्रत तू स्वतः भर, नाव न लिहिता, दोन्ही प्रश्नांसह. ती मला दाखवली नाहीस तरी चालेल.

तुझी,
बाई

ता. क. तक्ता चारमध्ये मुलींची संख्या आणि टक्केवारी जुळत नाही. पुन्हा मोजून पाहा.